कमी प्रतीच्या बॅराइटची प्रतवाढ: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

ढिगाचा नमुना घेतला. बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेटचं जड खनिज; त्यातला चांगला माल निवडून नेल्यावर उरलेला हा दगड. वरून पाहिलं तर काही तुकडे स्वच्छ पांढरे, बरेचसे तांबूस, आणि काही उचलताच हाताला हलके लागणारे, म्हणजे नुसता क्वार्ट्झ (गारगोटी, सिलिकाचं खनिज). ढिगाच्या पायथ्याशी चाळ, म्हणजे बारीक भुगा, साचली होती, तीही फावड्याने प्रमाणात घेतली. बॅराइट ठिसूळ असतं, हाताळणीत तेच आधी फुटतं आणि खाली झिरपतं. नुसती वरची ढेकळं उचलून आणली असती तर प्रत आहे त्याहून कमी दिसली असती.

सगळा नमुना १० मि.मी.खाली फोडला, शंकू करून चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन ठेवले. पुढची वाटणी रिफलवर, म्हणजे नमुना सारख्या दोन भागांत वाटणाऱ्या खाचांच्या पेटीवर. राखीव गोणीवर लाल दोरी बांधली आहे. ती कोणी उघडायची नाही.

९ जानेवारी

रासायनिक पृथक्करण हाती आलं: बेरियम सल्फेट ५४ टक्के, सिलिका ३६, लोह ऑक्साइड ६, बाकी कॅल्साइट. आम्लाचा थेंब टाकल्यावर काही तुकडे फसफसले होते, तेव्हा कॅल्साइट अपेक्षितच होतं.

पद्धत जुनीच ठेवली: सोडियम कार्बोनेटबरोबर वितळवायचं, पाण्याने सल्फेट धुऊन काढायचं, उरलेलं बेरियम कार्बोनेट हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं आणि सल्फ्युरिकने पुन्हा सल्फेट म्हणून पाडून वजन करायचं. वेळखाऊ आहे, पण बॅराइट कुठल्याच साध्या आम्लात विरघळत नाही, त्यामुळे आडवाट नाही. एक्सआरएफ यंत्रावरही, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर, नमुना लावला. त्याने तीन टक्के टायटॅनियम दाखवलं. या दगडात टायटॅनियम नाही. बेरियमच्या एल रेषा आणि टायटॅनियमच्या के रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर पडतात, आणि यंत्राचं कॅलिब्रेशन सिमेंटच्या कच्च्या मालासाठी केलेलं. रोजच्या तुलनेसाठी यंत्र वापरू, पण आमच्याच मालाची रासायनिक पद्धतीने तपासलेली प्रमाणं लावून.

घनता ३.५३ आली. आता गंमत अशी की दगडात फक्त बॅराइट (४.५) आणि क्वार्ट्झ (२.६५) आहे असं धरून या घनतेवरून हिशेब केला, तर बॅराइट ६०–६१ टक्के निघतं. रसायन सांगतं ५४. मधला फरक लोहाचा. हेमटाइट पाचाच्या वर, गोएथाइट चाराच्या थोडं वर, म्हणजे दोन्ही जड. ढिगावर उभं राहून घनतेवरून प्रत सांगणाऱ्यांना तांबडा दगड नेहमी थोडा जास्तच भाव मिळवून देतो.

१२ जानेवारी

आज प्रयोग नाही, बैठक. प्रश्न एकच: माल कोणासाठी करायचा?

बाजारात बॅराइटचा मोठा वाटा तेलविहिरींच्या ड्रिलिंगकडे जातो, तिथल्या चिखलाचं, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवायच्या द्रवाचं, वजन वाढवायला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं १३ए हे मानक तिथे चालतं. त्यात घनता किमान ४.२० हवी. २०१० पासून ४.१० घनतेची दुसरी प्रतही मान्य आहे, कारण चांगला दगड संपत चाललाय हे सगळ्यांनाच दिसत होतं. शिवाय पाण्यात विरघळणारी क्षारीय मृदा धातूंची द्रव्यं, कॅल्शियम म्हणून मोजून, किलोला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत, ७५ मायक्रॉनच्या वर ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि ६ मायक्रॉनखालचा बारीक अंश ३० टक्क्यांच्या आत. शुद्धतेचा आकडा त्यात नाहीच.

फळ्यावर गणित मांडलं. अशुद्धी सगळी क्वार्ट्झ धरली तर ४.२० साठी बॅराइट सुमारे ९० टक्के लागतं, ४.१० साठी ८६. लोह असेल तर त्याहून कमीत भागतं. दुसऱ्या बाजूला रंग आणि भरण द्रव्याचा बाजार, तिथे शुभ्रता लागते आणि लोहाचा डागही चालत नाही. एक सहकारी ९७ टक्क्यांवर अडून बसले होते. आकडा ऐकायला छान आहे, पण शेवटचे सात टक्के मिळवताना किती बॅराइट टाकाऊ मालात जातं याचा हिशेब कोणी मांडत नाही. ठरलं ते असं: मुख्य लक्ष्य ड्रिलिंगची ४.२० प्रत. शुभ्रतेची चाचणी बाजूला एकदा करून बघायची.

१७ जानेवारी

६ मि.मी.खाली टप्प्याटप्प्याने फोडलं: जॉ क्रशर, चाळणी, वरचं रोल क्रशरला, पुन्हा चाळणी. एका झटक्यात बारीक करायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला आहे.

चाळणीचा निकाल: ६ ते १ मि.मी. वजनाने ५५ टक्के, बॅराइट ५१. १ मि.मी. ते १५० मायक्रॉन ३० टक्के, बॅराइट ५५. १५० खालचा १५ टक्के, पण त्यात बॅराइट ६३. ठिसूळपणा इथेही दिसतो. काही न करता एकूण बॅराइटचा सहावा हिस्सा आधीच बारीक झालेला आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली भरड कण पाहिले. एका ३ मि.मी. तुकड्यात अर्ध्या भागात बॅराइटचे चपटे पापुद्रे एकावर एक, मधल्या फटींतून तांबड्या लोहाची पातळ साय पसरलेली, आणि कडेला क्वार्ट्झचा काचेसारखा गठ्ठा चिकटलेला. क्वार्ट्झ मोठ्या दाण्यांचा आहे, तो भरडच सुटेल. लोहाची साय मात्र पापुद्र्यांच्या मधोमध बसली आहे. कितीही दळलं तरी ती साय बॅराइटबरोबरच तुटणार. शुभ्र मालाचं भवितव्य मला इथेच दिसलं.

२२ जानेवारी

६ ते १ मि.मी. भागाची जड द्रवात बुडवून चाचणी. सोडियम पॉलिटंग्स्टेट, घनता २.९६. ब्रोमोफॉर्मचा वास आणि विषारीपणा आता प्रयोगशाळेत कोणालाच नको आहे. फक्त पाणी ऊर्ध्वपातित हवं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने पॉलिटंग्स्टेट बिघडतं, आणि ते महाग आहे. धुण्याचं पाणीसुद्धा आटवून परत मिळवायचं.

वर तरंगलं २२ टक्के, त्यात बॅराइट फक्त ४. म्हणजे या भागातलं दोन टक्क्यांहूनही कमी बॅराइट गमावून जवळपास पाचवा हिस्सा दगड फेकून देता येतो. तळाला बसलेलं ६४ टक्क्यांचं. ते पाहून कोणी निराश होऊ नये: २.९६ ला बॅराइटचा अंश वजनाने पाव इतका असला तरी कण बुडतो. या घनतेला काय फेकावं ते कळतं, काय ठेवावं ते कळत नाही. अर्धं बॅराइट, अर्धा क्वार्ट्झ असा कण ३.३ च्या आसपास येतो, तो सगळा तळाच्या मालात आहे.

३० जानेवारी

जिग, म्हणजे पाण्याच्या धक्क्यांनी जड आणि हलके कण थरांत वेगळे करणारं यंत्र. आठवडाभर हेच चाललं होतं.

६ ते ३ आणि ३ ते १ मि.मी. वेगळे चालवले. एकत्र घातल्यावर मोठा क्वार्ट्झ आणि छोटं बॅराइट एकाच थरात बसत होते. पाण्यात बॅराइट-क्वार्ट्झचं घनतेचं गुणोत्तर, दोन्हींतून पाण्याचा एक वजा करून, २.१ येतं. भरड मालाला हे पुरेसं आहे, पण १५० मायक्रॉनच्या खाली यावर भरवसा ठेवता येत नाही.

स्ट्रोक (पाण्याचा धक्का) आधी मोठा ठेवला होता, तेव्हा थर उसळून मिसळत होते. कमी केल्यावर काचेच्या बाजूने थर स्वच्छ दिसू लागले: तळाशी करडं-तांबूस, मध्ये चितकबरं, वर पांढरा क्वार्ट्झ. हा पांढरा थर पाहून नवखा माणूस त्यालाच बॅराइट समजतो. तो हातात घेऊन वजन बघायला सांगितलं की शंका फिटते.

दोन्ही आकार मिळून: कॉन्सन्ट्रेट (निवडलेला माल) ३० टक्के वजन, ८२ टक्के बॅराइट. मिडलिंग (मधला, मिश्र माल) ३८ टक्के, जवळपास ५८. टेलिंग (टाकाऊ) ३२ टक्के, १४.

८२ वर बरीच नाकं मुरडली गेली. मग घनता काढली. ४.२६! या मालात लोह नऊ टक्क्यांच्या आसपास आहे, ते वजन उचलून धरतं. लोहाऐवजी तेवढाही क्वार्ट्झ असता तर घनता चारच्या आसपासच अडकली असती. ड्रिलिंगवाला घनता मोजतो, मग हा माल त्याच्या मानकात बसतो. तरी लोह ऑक्साइड बॅराइटपेक्षा कठीण, पंपाला आणि पाइपला घासणार. खरेदीदाराला लोहाचा आकडा लपवायचा नाही, असं मी अहवालात स्पष्ट लिहिणार आहे.

६ फेब्रुवारी

१ मि.मी. ते १५० मायक्रॉनचा भाग शेकिंग टेबलवर, म्हणजे हलत्या तिरप्या फळीवर, जिथे वाहतं पाणी हलके कण खाली नेतं. डेकवरचे पट्टे बघत राहावेसे: अगदी वरच्या टोकाला लोहाची बारीक लाल रेघ, तिच्याखाली बॅराइटचा रुंद करडा पट्टा, मग मळकट मिश्रण, आणि पाण्याबरोबर थेट खाली जाणारा क्वार्ट्झ. लाल रेघ वेगळी कापता येईल असं वाटतं, पण ती बोटभर रुंद आणि सारखी हलते. नाद सोडला.

कॉन्सन्ट्रेट ४० टक्के वजन, ८४ टक्के. मिडलिंग ३२ टक्के, ५२ टक्के. टेलिंग २८, १७ टक्के बॅराइट. टेलिंगमध्ये इतकं कसं? भिंगाखाली पाहिलं तर सुटे, स्वच्छ, चपटे बॅराइटचे पापुद्रे. आकार पातळ, पाण्याने आडवे होऊन पुढे ढकलले गेले. तिरपेपणा थोडा कमी केल्यावर ते वाचतात, पण कॉन्सन्ट्रेटमध्ये क्वार्ट्झ घुसतो. १७ वर तडजोड केली.

१० फेब्रुवारी

ओव्हनचा थर्मोस्टॅट गेला. नमुने उन्हात वाळवले. दुसरं काही नाही.

१४ फेब्रुवारी

"हे जिग-टेबल कशाला, सगळं दळा आणि फ्लोटेशनला टाका" हा सल्ला प्रत्येक बैठकीत येतो. फ्लोटेशन म्हणजे औषधं घालून हवे ते कण हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून फेसात वर आणणं. त्याचं उत्तर प्रयोगानेच द्यायचं ठरवलं. मूळ दगड पूर्ण ७५ मायक्रॉनखाली दळला. १० मायक्रॉनखालचा स्लाइम (अतिबारीक गाळ) वजनाने २४ टक्के निघाला आणि त्यात बॅराइट ५८. म्हणजे एकूण बॅराइटचा चौथा हिस्सा फ्लोटेशनच्या सेलपर्यंत पोचण्याआधीच गढूळ पाण्यात गेला. उरलेल्याचं फ्लोटेशन उत्तम झालं, ९४ टक्के प्रत, सेलमधली वसुली ९०. पण मूळ दगडावर हिशेब केला तर हाती ६७ टक्के बॅराइट.

बॅराइटची कठीणता ३ ते ३.५, क्वार्ट्झची ७. एकत्र दळताना क्वार्ट्झचे दाणेच बॅराइटवर मिलमधल्या दळणाच्या गोळ्यांसारखं काम करतात. क्वार्ट्झ आकाराला येईपर्यंत बॅराइटचं पीठ होतं. ड्रिलिंगचा माल शेवटी दळायचाच आहे हे खरं, पण तो कॉन्सन्ट्रेट झाल्यावर, कोरडा. तेव्हा झालेली बारीक पूड पोत्यातच राहते, तळ्यात वाहून जात नाही.

या चाचणीनंतर तो सल्ला पुन्हा आलेला नाही.

२० फेब्रुवारी

फ्लोटेशनचा फीड (आत घालायचा माल) तयार: जिगचं मिडलिंग आणि टेबलचं मिडलिंग रॉड मिलमध्ये १५० मायक्रॉनखाली, चाळणी लावून फेऱ्या करत, आणि त्यात मूळचा १५० खालचा भाग. हे सगळं मूळ दगडाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास. हायड्रोसायक्लोनने, म्हणजे पाण्याच्या भोवऱ्याने, स्लाइम काढला: मूळ वजनाच्या साडेसहा टक्के, त्यात बॅराइट ६०. एवढा तोटा सोसावाच लागतो. स्लाइम तसाच ठेवून एक चाचणी केली, तर फेस लगदा होऊन बसला आणि औषधं दुपटीने पिऊ लागला.

२८ फेब्रुवारी

कलेक्टर, म्हणजे कणाला बुडबुड्याशी जोडणारी औषधं, दोन तपासले.

सोडियम ओलिएट: स्वस्त, सहज मिळतं, बॅराइट जोरात वर आणतं. पण बरोबर कॅल्साइट आणि लोहही आणतं. फेसाला गुलाबी झाक, आणि फेस इतका चिवट की लाँडरमध्ये (फेस गोळा होतो त्या पन्हाळीत) पाणी मारूनही बसेना. नळाचं पाणी जड असल्यामुळे ओलिएटचा एक भाग कॅल्शियमबरोबर साबणाच्या कण्या होऊन वाया जातो. सोडा अ‍ॅश आधी टाकल्यावर ते बरंच आवरलं.

अल्किल सल्फेट: निवड जास्त चांगली. कॅल्साइटला फारसं धरत नाही, फेस पांढरा आणि ठिसूळ, काढल्यावर लगेच बसतो. पीएच ९.५ च्या आसपास सोडा अ‍ॅशने धरला, क्वार्ट्झ आणि लोह दाबायला, म्हणजे फेसात येऊ न द्यायला, सोडियम सिलिकेट. सिलिकेट घालून थोडा वेळ ढवळू द्यायचं आणि मगच कलेक्टर, हा क्रम पाळला की टेलिंग स्वच्छ राहतं. सिलिकेट वाढवत गेल्यावर एका टप्प्यानंतर बॅराइटही दबू लागतं. तो टप्पा फेसाचा रंग बघून आधी कळतो, पृथक्करण नंतर येतं.

रफर (पहिली फेरी) आणि दोन क्लीनर (पुन्हा स्वच्छ करण्याच्या फेऱ्या) मिळून कॉन्सन्ट्रेट ९३ टक्के, सेलमधली वसुली ८८, टेलिंगमध्ये १५. अल्किल सल्फेट नक्की.

५ मार्च

ठरल्याप्रमाणे शुभ्रतेची चाचणी. फ्लोटेशन कॉन्सन्ट्रेट उच्च तीव्रतेच्या ओल्या चुंबकीय विभाजकातून नेलं, क्षेत्र एक टेस्लाच्या वर. हेमटाइटचे सुटे कण निघाले, रंग थोडा उजळला. पण चुंबकाला चिकटलेल्या भागात अर्ध्याहून जास्त बॅराइटच आहे, डागाळलेलं. १७ जानेवारीची ती पापुद्र्यांमधली साय. ऑक्झॅलिक आम्लात गरम करून पाहिलं, रंग सुधारतो, पण मग लोहमिश्रित आम्लाचं सांडपाणी कुठे घालायचं हा नवा प्रकल्प सुरू होतो. शुभ्र मालाचा विषय या दगडापुरता बंद.

११ मार्च

फ्लोटेशनचा वाळवलेला माल ग्लासभर पाण्यात टाकला तर वर साय धरून तरंगत राहिला, घनता सव्वाचारच्या वर असूनही. कणांवर कलेक्टर चिकटून आहे, पाणी त्यांना ओलं करत नाही. ड्रिलिंगच्या चिखलात असा माल घातला तर गुठळ्या आणि फेस. नुसत्या १०५ अंशांवर वाळवून हे जात नाही. मफल भट्टीत तापमान वाढवत नेलं, कलेक्टर जळाला, तीच पूड मग ढेकळासारखी थेट तळाला गेली. फ्लोटेशनच्या भागाला ड्रायरमध्ये जास्त उष्णता द्यावी लागणार. हा खर्च जिग आणि टेबलच्या मालाला लागत नाही, आणि सुरुवातीच्या खर्चाच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. आता घातला.

१८ मार्च

तिन्ही कॉन्सन्ट्रेट प्रमाणात एकत्र केले. १०० टन मूळ दगडावर:

जिगचं १६.५ टन, ८२ टक्के.
टेबलचं १२ टन, ८४ टक्के.
फ्लोटेशनचं २१.४ टन, ९३ टक्के.

एकूण जवळपास ५० टन, प्रत ८७ टक्के, मूळ बॅराइटपैकी ८० टक्क्यांहून थोडं जास्त हाती. सर्वांत मोठा तोटा स्लाइममध्ये, सात टक्के. मग फ्लोटेशन टेलिंग, जिग टेलिंग, आणि शेवटी टेबल.

दळून ले शातेलिए फ्लास्कमध्ये, म्हणजे मोजखुणांच्या लांब मानेच्या काचपात्रात, घनता मोजली. केरोसीन भरून फ्लास्क स्थिर तापमानाच्या पाण्यात, मग ८० ग्रॅम पूड. ४.२० च्या मालाने पातळी १९.०५ मिलिलिटर चढायला हवी, ४.१० च्या मालाने १९.५१. दोन प्रतींमध्ये अर्ध्या मिलिलिटरचंही अंतर नाही. म्हणून पूड घालताना मानेला चिकटलेला प्रत्येक कण खाली पाडायचा आणि फ्लास्क तिरपा फिरवत हवेचे बुडबुडे शेवटपर्यंत काढायचे. एक बुडबुडा राहिला तरी माल हलका दिसतो. तंत्रज्ञ काकांनी वाचन घेतलं, मी वेगळं घेतलं, दोन्हींवरून घनता ४.२८.

७५ मायक्रॉनवरचा अवशेष मर्यादेत. ६ मायक्रॉनखालचा अंशही मर्यादेत, पण फार मोकळीक नाही. फ्लोटेशनचा भाग आधीच बारीक आहे, तो मिलमध्ये भरड मालाइतकाच वेळ ठेवला तर ३० ओलांडेल. मिलच्या क्लासिफायरमधून (पुरेसे बारीक कण वेगळे काढणारा भाग) तो लगेच बाहेर पडायला हवा. विद्राव्य कॅल्शियम शेवटच्या गाळणीवर स्वच्छ पाण्याने धुतल्यावर मर्यादेच्या बरंच खाली.

२५ मार्च

प्रवाह आराखडा मंजुरीला दिला: टप्प्याचं क्रशिंग, दोन जिग, टेबल, मिडलिंगची मिल, डीस्लायमिंग, फ्लोटेशन, दोन वेगळ्या तापमानांचं ड्रायिंग, शेवटी मिल. घनता ४.२८ म्हणजे मर्यादेपेक्षा थोडी उसंत आहे. ती वापरून जिगचा कट, म्हणजे कुठवरचा थर घ्यायचा ती सीमा, किंचित सैल केला तर वसुली आणखी वाढेल. पण ते लोहावर टेकलेलं आहे, आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूचा दगड कमी तांबडा आहे. तिथला नमुना घेतल्याशिवाय कट हलवायचा नाही, असं आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

जिगचं टेलिंग भरड आणि बहुतांश क्वार्ट्झ आहे, खडी म्हणून चालेल का ते बांधकामवाले बघतायत. स्लाइमचं तळं वेगळं ठेवायचं, फ्लोटेशनच्या टेलिंगमध्ये मिसळायचं नाही. त्यात ६० टक्के बॅराइट आहे. पुनर्वापराच्या पाण्यावरची फ्लोटेशन चाचणी पुढच्या आठवड्यात, कारण परत येणाऱ्या पाण्यात सिलिकेट आणि कॅल्शियम दोन्ही साचत जाणार आणि आतापर्यंतचे सगळे आकडे ताज्या पाण्यावरचे आहेत.